सरकार घरे विकते, मग भाड्याने का देत नाही?

प्रश्न : माझी मुलगी ठाण्यात एका प्रयोगशाळेत नोकरी करते. तिघी मैत्रिणींनी मिळून एक वन बीएचके भाड्याने घेतला आहे. दर अकरा महिन्यांनी भाडे वाढते, नाहीतर घर सोडावे लागते, आणि घर बदलले की डिपॉझिट आणि दलाली पुन्हा नव्याने. म्हाडाच्या सोडतीची जाहिरात आली की नातेवाईक तिला म्हणतात, अर्ज भरून ठेव. पण तिला आत्ताच घर विकत घ्यायचे नाही. चार वर्षांनी नोकरी कुठे असेल हे तिलाच ठाऊक नाही. तिला हवे आहे परवडेल असे, निर्धास्त राहता येईल असे भाड्याचे घर. सरकार एवढी घरे बांधून विकते, तर त्यातली काही भाड्याने का देत नाही? आणि मुंबई-ठाण्यात इतके फ्लॅट कुलूपबंद असताना भाडी एवढी चढी कशी? – एक वाचक, कराड

उत्तर : तुमचा प्रश्न मुलीच्या निमित्ताने आला असला तरी तो लाखो घरांतला आहे. चाकणच्या कारखान्यात कंत्राटी काम करणारा तरुण, पुण्याच्या सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा विद्यार्थी, बदलीच्या गावी गेलेली परिचारिका, या सगळ्यांची गरज तुमच्या मुलीसारखीच आहे. त्यांना आज राहायला घर हवे आहे, वीस वर्षांचा हप्ता नको आहे.

थोडक्यात उत्तर असे : सरकार एकेकाळी भाड्याची घरे बांधत होते. पुढे भाडे गोठवणाऱ्या कायद्यामुळे सरकारने आणि खासगी मालकांनीही हात आखडता घेतला. २००८ साली मुंबई महानगर प्रदेशात भाड्याच्या घरांसाठी एक मोठी योजना आली आणि पाच-सहा वर्षांतच ती मालकीच्या घरांकडे वळली. घरे बांधणे एक वेळ जमते. ती वर्षानुवर्षे भाड्याची म्हणून सांभाळणे आपल्याला जमलेले नाही. अडचणीचे मूळ तिथे आहे. आता सविस्तर पाहू.

सरकार खरेच कधी भाड्याची घरे बांधत होते का?

हो, आणि मोठ्या प्रमाणावर. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. दाटीवाटीच्या, हवा-उजेड नसलेल्या वस्त्यांत माणसे किड्यामुंगीसारखी मेली. त्यानंतर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. रस्ते रुंद करणे, दाट वस्त्या मोकळ्या करणे आणि कामगारांसाठी चाळी बांधणे ही तिची कामे होती. पुढे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. आपण ज्यांना बीडीडी चाळी म्हणतो त्या या खात्याने १९२०च्या दशकात बांधल्या : वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२, अशा एकूण २०७ इमारती. एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. या सगळ्या खोल्या भाड्याच्याच होत्या आणि मालक होते सरकार.

खासगी मालकही तेव्हा भाड्यासाठीच बांधत. गिरणगावातल्या चाळी म्हणजे त्या काळच्या श्रीमंतांची गुंतवणूक. कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांनी अशा चाळींतून 'गावच्या खोल्या' धरल्या होत्या. एका गावची मंडळी एका खोलीत, पाळीप्रमाणे कोणी झोपायला, कोणी कामाला, जेवण खानावळीत. अडचण होती, गर्दी होती, पण गावाहून ट्रंक घेऊन उतरलेल्या माणसाला त्याच रात्री डोक्यावर छप्पर मिळे. पोट भरायला आलेल्या माणसाला आधी काय लागते, हे त्या शहराला कळत होते.

मग हे थांबले कशाने?

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास भाडी भडकली, म्हणून १९१८ साली भाडे नियंत्रणाचा पहिला कायदा आला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ साली, मुंबई भाडे नियंत्रण कायदा झाला आणि १ सप्टेंबर १९४०चे भाडे हा प्रमाण भाड्याचा आधार ठरला. त्या वेळी हे आवश्यकच होते. युद्धाची महागाई, फाळणीनंतर येणारे निर्वासितांचे लोंढे, आणि कोणाही मालकाने कोणाही कुटुंबाला रस्त्यावर काढावे अशी परिस्थिती. पण तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढीवर मुदतवाढ घेत अर्धशतकाहून अधिक टिकला. पगार वाढले, सिमेंट महागले, पालिकेचे कर वाढले. भाडे मात्र जिथल्या तिथे राहिले.

परिणाम दोन्ही बाजूंना भोगावे लागले. दुरुस्तीचा खर्च भाड्यातून निघेना, म्हणून मालकांनी इमारतींकडे पाठ फिरवली. जुन्या इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९च्या कायद्याने उपकर लावून दुरुस्तीचे काम सरकारने आपल्याकडे घेतले. त्या वेळी अशा उपकरप्राप्त इमारतींची संख्या १९,६४२ होती. घर हस्तांतरित करताना पागडी, म्हणजे भाड्याखेरीज एकरकमी रक्कम घेणे, चालू झाली. ती कायद्याला मान्य नव्हती, पण सगळ्यांना माहीत होती. लिव्ह अँड लायसन्सने, म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता ठरावीक मुदतीच्या परवान्याने, घर देऊन मालकांनी वाट काढली, तर १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा घरात राहणाऱ्यांना कायद्याने भाडेकरूचा दर्जा दिला. ज्याने वर्षभरासाठी म्हणून फ्लॅट दिला होता, त्याच्या हातून तो कायमचा गेला. 'भाड्याने दिले की घर गेले' ही धास्ती मराठी मध्यमवर्गाच्या मनात तेव्हा बसली ती आजतागायत पुरती निघालेली नाही.

१९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी आता वाजवी राहिलेल्या नाहीत असे स्पष्ट म्हटले. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आला आणि ३१ मार्च २०००पासून लागू झाला. त्याने जुन्या भाडेकरूंच्या भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली, पागडीला कायदेशीर मान्यता दिली, आणि लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर मालकाला ताबा परत मिळण्याचा सोपा मार्ग ठेवला. तुमच्या मुलीचा करार याच कायद्याखाली होतो. पण तोवर उशीर झाला होता. केंद्र सरकारच्या २०१७-१८च्या आर्थिक पाहणी अहवालानुसार, शहरी भारतात भाड्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण १९६१ मध्ये ५४ टक्के होते. २०११ मध्ये ते २८ टक्क्यांवर आले.

इतके फ्लॅट रिकामे असताना भाडी चढी का?

तुमचे निरीक्षण बरोबर आहे. २०११च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात १ कोटी ११ लाखांच्या आसपास घरे रिकामी आढळली. त्यात मुंबईचा आकडा सगळ्यात मोठा, सुमारे ४.८ लाख. यातली सगळीच घरे राहण्याजोगी नसतात. काही पडायला झालेली, काही वाटणीच्या वादात अडकलेली, काही लोकलपासून इतकी लांब की नोकरदाराला परवडू नयेत. पण उरलेली बरीच घरे केवळ गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेली असतात.

मालक ती बंद का ठेवतात, हे समजायला साधे गणित करून पाहा. उदाहरणादाखल १ कोटीचा फ्लॅट घ्या. आपल्या महानगरांत घराच्या किमतीच्या साधारण दोन ते तीन टक्के इतकेच वार्षिक भाडे मिळते. तीन टक्के धरले तरी वर्षाचे ३ लाख, म्हणजे महिन्याला २५ हजार. त्यातून सोसायटीचे देणे, मालमत्ता कर, रंगरंगोटी आणि मधले रिकामे महिने वजा करा. तोच फ्लॅट संपूर्णपणे साडेआठ टक्के व्याजाच्या कर्जावर घेतला असे धरले, तर पहिल्या वर्षाचे व्याजच सुमारे साडेआठ लाख. भाड्याच्या कमाईसाठी घर घेणारा माणूस म्हणूनच विरळा. घेणारा घेतो ते किंमत वाढेल या आशेने, आणि किंमत वाढेपर्यंत भाडेकरूची कटकट नको म्हणून कुलूप लावतो.

मात्र महिन्याला २५ हजार हे भाडे मालकाला तुटपुंजे वाटले, तरी चाळीस हजार कमावणाऱ्या मुलीला ते निम्म्याहून जास्त पगाराचे आहे. मालकाला परवडत नाही आणि भाडेकरूलाही परवडत नाही, अशी ही दरी जमिनीच्या भावाने पाडलेली आहे. दोघांपैकी कोणालाही दोष देऊन ती भरत नाही. ती भरून काढायची ताकद ज्याच्या हातात जमीन, एफएसआय (म्हणजे भूखंडावर किती बांधकाम करता येईल याची मर्यादा) आणि कर आहेत त्याच्याकडेच असते, म्हणजे सरकारकडे.

आणि सरकारचे नियम कधी कधी उलट्या दिशेने ओढतात. पुणे महापालिका मालमत्ता करात ४० टक्के सवलत देते ती मालक स्वतः राहत असलेल्या घराला. तेच घर भाड्याने दिले की सवलत जाते. स्वतः राहणाऱ्याला दिलासा मिळावा याला कोणाची हरकत नाही. पण बंद घर उघडून भाड्याने देणाऱ्यालाही काही दिलासा मिळावा, हा विचार आपल्या करव्यवस्थेत अजून रुजलेला नाही.

सरकारने बिल्डरला जादा एफएसआय देऊन भाड्याची घरे का मागितली नाहीत?

मागितली होती. २००८ साली मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, म्हणजे एमएमआरडीएने, भाडेतत्त्वावरील घरांची योजना आणली. कल्पना धाडसी होती. ज्याच्याकडे मोकळी जमीन आहे त्या विकासकाला चारपर्यंत एफएसआय द्यायचा. त्यातला एक हिस्सा भाड्याच्या घरांसाठी बांधून त्याने एमएमआरडीएला मोफत द्यायचा, आणि उरलेले तीन हिस्से बाजारभावाने विकायचे. सरकारच्या तिजोरीतून पैसा न जाता भाड्याची घरे उभी राहणार होती. त्या वेळी पाच लाख घरांचे उद्दिष्ट बोलले गेले. ही घरे कोणाच्या नावावर होणार नव्हती. कमी उत्पन्नाचे कुटुंब काही वर्षे राहील, बस्तान बसले की पुढे जाईल, आणि त्याच्या जागी नवे कुटुंब येईल. झोपडपट्टी उभी राहण्याआधीच तिला पर्याय द्यायचा, हा त्यामागचा हेतू होता आणि तो शंभर टक्के योग्य होता.

मग काय झाले ते नीट पाहण्यासारखे आहे.

पहिली अडचण घराच्या आकाराची. खोली ठरली १६० चौरस फुटांची, स्वयंपाकघर आणि संडास-न्हाणी त्यातच. बीडीडी चाळीची खोलीही १६० चौरस फुटांची होती. म्हणजे ऐंशीहून अधिक वर्षांनी, कामगाराच्या कुटुंबासाठी आपण तितकीच जागा काढली. एकट्या माणसाला ती पुरेल; आईवडील आणि दोन मुले यांना कशी पुरावी?

दुसरी अडचण जागेची. विकासकांनी योजना घेतली ती जिथे मोकळी जमीन स्वस्त होती तिथे, पनवेल, ठाणे, कल्याण अशा बाजूंना. चार एफएसआय म्हणजे तितकीच माणसे, तितकेच पाणी, तितकेच सांडपाणी, तितकीच बसची गरज. स्थानिक नगरपालिकांनी विचारले की हे पाणी कुठून आणायचे, आणि त्यांचा प्रश्न रास्त होता. एफएसआय कागदावर वाढवता येतो. जलवाहिनीचा व्यास तसा वाढत नाही.

तिसरी अडचण सगळ्यात खोल होती. ही घरे तयार झाल्यावर चालवणार कोण? भाडे गोळा करणे, नळ-लिफ्ट दुरुस्त ठेवणे, भाडे थकवणाऱ्याशी बोलणे, मुदत संपल्यावर घर रिकामे करून घेणे, आणि हे सगळे हजारो घरांसाठी, वर्षानुवर्षे. एमएमआरडीए पूल आणि मेट्रो उभारणारी संस्था. घरमालकाचे रोजचे काम हा तिचा पिंड नव्हता, आणि त्या कामासाठी वेगळी संस्था कोणी उभी केली नाही.

म्हणून बांधून झालेल्या घरांना दुसरेच उपयोग मिळत गेले. ठाण्यात वर्तकनगरसारख्या ठिकाणी धोकादायक इमारतींतल्या रहिवाशांना तिथे तात्पुरते ठेवले गेले. पनवेलजवळच्या कोन गावातली घरे गिरणी कामगारांसाठी काढली गेली. २०१६ साली तिथल्या २,४१७ घरांची सोडत निघाली, आणि ती घरे मालकीची झाली. कोविडच्या साथीत कोनच्या इमारती विलगीकरण केंद्र म्हणून वापरल्या गेल्या. दरम्यान २०१३-१४च्या सुमारास मूळ योजनाच बदलून परवडणाऱ्या, म्हणजे विक्रीच्या, घरांची योजना करण्यात आली.

यातला एकही उपयोग वाईट नव्हता. गिरणी कामगारांनी घरासाठी पिढी खर्ची घातली आहे. त्यांचा हक्क कोणी नाकारू नये. धोकादायक इमारतीतल्या कुटुंबाला छप्पर मिळालेच पाहिजे. पण प्रत्येक रास्त मागणी भाड्याच्या घरांच्या वाट्यातून भागवली गेली, कारण त्या घरांना त्यांचा म्हणून कोणी वाली नव्हता. विकत घर मागणाऱ्यांचे मोर्चे निघतात, संघटना असतात, याद्या असतात. पुढच्या वर्षी कराडहून ठाण्याला येणाऱ्या मुलीची संघटना नसते. ती अजून शहरात आलेलीच नसते. तिच्यासाठीचे घर राखून ठेवायचे असेल तर ते नियमातच राखून ठेवावे लागते.

दुसऱ्या देशांना हे कसे जमले?

सगळ्यांना सगळे जमलेले नाही. पण दोन उदाहरणे आपल्या कामाची आहेत.

पहिले ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्याचे, ज्याची राजधानी सिडनी. तिथे २००९ साली परवडणाऱ्या भाड्याच्या घरांसाठी खास नियोजन धोरण आले. ४५० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या घरमालकाला परसात ६० चौरस मीटरपर्यंतचे छोटे घर झटपट मंजुरीने बांधता येऊ लागले. मोठ्या इमारतींना जादा बांधकाम मिळे, पण अट अशी की किमान एक पंचमांश भाग दहा वर्षे परवडणाऱ्या भाड्याने द्यायचा आणि त्याचे व्यवस्थापन नोंदणीकृत सामाजिक गृहनिर्माण संस्थेकडे सोपवायचे. याखेरीज लहान खोल्यांच्या बोर्डिंग हाऊसलाही सवलती होत्या, मात्र त्यांच्या भाड्यावर तशी अट नव्हती. त्यामुळे सवलत घेऊन बांधलेल्या कित्येक खोल्या बाजारभावानेच गेल्या. त्यातून शिकून २०२१च्या नव्या धोरणात दहाची पंधरा वर्षे झाली, आणि बोर्डिंग हाऊसची घरे कायमस्वरूपी परवडणाऱ्या भाड्याची राहावीत व ती अशाच संस्थेने चालवावीत, अशी अट आली. त्या राज्याला बारा वर्षांनी उमगलेली गोष्ट आपण आजच पदरात पाडून घेऊ शकतो : सवलत देताना घर किती वर्षे भाड्याचे राहणार आणि ते कोण चालवणार, हे आधी लिहून घ्यायचे.

दुसरे व्हिएन्नाचे. १९१९ ते १९३४ या काळात त्या शहराने घरांवर चढता कर लावून, त्यातून ६० हजारांहून अधिक भाड्याची घरे बांधली. आज तिथे सुमारे दोन लाख वीस हजार घरे महापालिकेच्या मालकीची आहेत, आणि शहरातली निम्मी माणसे महापालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात. ती घरे विकली नाहीत, हे त्यातले मर्म. २०१९पासून तिथे नवी जमीन मोठ्या निवासी वापरासाठी खुली करताना साधारणपणे दोन तृतीयांश बांधकाम अनुदानित घरांचे असावे असा नियोजनाचा नियम आहे. जमिनीचा वापर बदलला की तिची किंमत वाढते, आणि ती वाढ समाजाच्या निर्णयातून आलेली असते. मग त्या वाढीतला वाटा समाजाने घरांच्या रूपाने परत घ्यावा, असा हा साधा न्याय.

आज आपल्याकडे काय चालू आहे?

हालचाल आहे, आणि ती आशा धरण्याजोगी आहे.

२०२०च्या टाळेबंदीत लाखो मजूर चालत गावी निघाले. शहर बंद पडले की भाडे भरता येत नाही आणि भाडे थकले की शहरात राहता येत नाही, हे साऱ्या देशाने पाहिले. त्याच वर्षी केंद्राने परवडणाऱ्या भाड्याच्या गृहसंकुलांची योजना मंजूर केली. सरकारी योजनांत बांधून पडून राहिलेली घरे भाड्याने चालवायला देणे हा तिचा एक भाग. आपल्या जमिनीवर अशी संकुले बांधणाऱ्या उद्योगांना आणि संस्थांना जादा बांधकाम व करसवलत देणे हा दुसरा. दोन्हीत घरे पंचवीस वर्षे भाड्याचीच राहावीत अशी अट आहे, आणि ही अट फार मोलाची आहे. पहिल्या भागाखाली चंडीगडमध्ये २,१९५ घरे भाड्याने दिली गेली. तामिळनाडूत श्रीपेरंबुदूरजवळ तिथल्या औद्योगिक विकास महामंडळाने १८,७२० कामगारांसाठी निवासी संकुल उभारले, आणि २०२४ साली ते सुरू झाले. तिथे राहणाऱ्या बहुतेक तरुण मुली इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात काम करतात. आपल्या एमआयडीसीकडे जमीन आहे, कारखाने आहेत आणि घर शोधणारे कामगार आहेत. चाकणला आणि रांजणगावला हे का होऊ नये?

प्रधानमंत्री आवास योजनेचा २०१५चा पहिला टप्पा मालकीच्या घरांवरच उभा होता. सप्टेंबर २०२४पासूनच्या दुसऱ्या शहरी टप्प्यात भाड्याची घरे हा चार घटकांपैकी एक झाला आहे. महाराष्ट्रातही २००७नंतर प्रथमच, मे २०२५ मध्ये, नवे गृहनिर्माण धोरण मंजूर झाले. 'माझे घर, माझा अधिकार' हे त्याचे ब्रीद. २०३०पर्यंत दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी ३५ लाख घरांचे उद्दिष्ट त्यात आहे, आणि नोकरदार महिला, विद्यार्थी, औद्योगिक कामगार व ज्येष्ठ नागरिक यांच्या भाड्याच्या घरांचा उल्लेखही आहे. तुमच्या मुलीचा विचार धोरणाच्या पानावर आला, याचे मी मनापासून स्वागत करतो.

पण काळजीही तिथेच आहे. त्या धोरणात काही घरे दहा वर्षे भाड्याने आणि नंतर मालकीने देण्याची कल्पना आहे. एका कुटुंबासाठी ती सुखाची गोष्ट. शहरासाठी मात्र दहा वर्षांनी ते घर भाड्याच्या साठ्यातून जाते, आणि अकराव्या वर्षी येणाऱ्या मुलीसाठी पुन्हा शून्यापासून सुरुवात. २००८ची योजना याच उतारावरून घसरली होती.

तोवर माझ्या मुलीने काय करावे?

करार लेखी आणि नोंदणीकृत असल्याशिवाय घरात जाऊ नये. १९९९च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार करार नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे, आणि ती न पाळल्यास शिक्षेची तरतूद आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. हे तिने लक्षात ठेवावे. नोंदणी आता ऑनलाइन होते. मुद्रांक शुल्क करारकाळातल्या एकूण भाड्यावर पाव टक्का असते (परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचे मानीव व्याज त्यात धरतात), आणि नोंदणी फी शहरी भागात एक हजार रुपये.

आणखी एक. अकरा महिन्यांचा करार ही नुसती वहिवाट आहे. मालक तयार असेल तर दोन किंवा तीन वर्षांचा करार करता येतो आणि दरवर्षी किती टक्के भाडे वाढेल हे त्यातच लिहिता येते. तिघींच्या वतीने हे मागून पाहा. दर वर्षी नवा भाडेकरू शोधण्याचा त्रास मालकालाही नकोच असतो. डिपॉझिट किती आणि घर सोडल्यावर किती दिवसांत परत, हेही लेखी घ्यावे. केंद्राच्या २०२१च्या आदर्श भाडेकरार कायद्यात निवासी घरासाठी डिपॉझिटची मर्यादा दोन महिन्यांच्या भाड्याइतकी सुचवली आहे. हा कायदा राज्याने स्वीकारल्यावरच लागू होतो, पण बोलणी करताना तो दाखला म्हणून सांगता येतो.

शेवटी तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. सरकार घरे भाड्याने देत नाही, कारण भाड्याची घरे आपण कोणी मागत नाही. निवडणुकीत घर 'मिळवून देण्याचे' वचन असते, सोडतीत घर 'लागते', आणि ज्याला लागत नाही तो पुढच्या सोडतीची वाट पाहतो. ही मागणी बदलायला हवी. प्रत्येक शहराची विकास योजना मंजुरीआधी प्रसिद्ध होते आणि ठरावीक मुदतीत नागरिकांच्या हरकती-सूचना मागवल्या जातात. तो आपला कायदेशीर हक्क आहे. शाळा, उद्यान आणि दवाखान्यासाठी जमीन राखीव ठेवतात, तशी भाड्याच्या घरांसाठीही ठेवा, असे लेखी कळवा. जादा एफएसआय घेऊन बांधलेले भाड्याचे घर निदान पंचवीस वर्षे भाड्याचेच राहावे, आणि ते चालवण्यासाठी स्वतंत्र संस्था नेमावी, असेही त्यात लिहा. ठाण्याची किंवा पुण्याची योजना कराडच्या माणसाचीही आहे, कारण त्याची मुले उद्या तिथेच कामाला जाणार आहेत. सूचनेच्या अर्जावर तुमची सही असू द्या, आणि तुमच्या मुलीचीही.